अजिंठ्याचा पिवळेपणा कुणाचा?

खानदेशातल्या शाळेची सहल ठरवायची म्हटली की पहिले नाव अजिंठ्याचे निघते. लेणी औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली तरी रेल्वेने येणारा प्रवासी उतरतो जळगावला, आणि तिथून साठेक किलोमीटरवर लेणी. धुळ्याच्या शाळांनाही एका दिवसात जाऊन येता येते. सहलीहून परतताना रंगीत पोस्टकार्डांचा एक संच, एखादी मार्गदर्शिका आणि कुणाच्या तरी कॅमेऱ्यातला संपलेला रोल बरोबर येई. ही चित्रे पुढे शाळेच्या कपाटात जातात आणि इतिहासाच्या तासाला बाहेर निघतात. ‘प्राचीन भारतीय चित्रकला’ म्हणून मुले जे पाहतात ते खरे तर हेच.

ही चित्रे एकदा एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बहुतेक प्रत्येक संचात असतोच. एका छपाईत तो मधासारखा पिवळा दिसतो, दुसरीत विटकरी, तिसरीत त्याचा चेहरा फिका आणि सपाट तर आजूबाजूच्या आकृती तपकिरी अंधारात बुडालेल्या. ज्या फुलाला पुस्तके नीलकमल म्हणतात ते निळे दिसेलच असे नाही. एखाद्या चौकस विद्यार्थ्याने “सर, यातला खरा कोणता?” असे विचारले, तर ‘जुने चित्र आहे, रंग उडाले असतील’ असे उत्तर देऊन आपण मोकळे होतो. हे उत्तर फार तर पाव भाग खरे आहे. त्या पिवळेपणाचा मोठा हिस्सा भिंतीवर नसतोच. तो दिव्यात असतो, फिल्ममध्ये असतो, रोगणात असतो आणि छापखान्यातही असतो. या छायाचित्रांची परीक्षा कलेच्या अंगाने पुष्कळ झाली आहे; प्रकाशाच्या अंगाने ती क्वचितच होते, म्हणून हा प्रयत्न.

अजिंठ्याचा रंग लेण्याबाहेर नेण्याची धडपड छायाचित्रणापेक्षा जुनी आहे. मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल याला १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने हे काम दिले. त्याने वर्षानुवर्षे लेण्यांत बसून तैलरंगात मोठमोठ्या प्रतिकृती केल्या. त्या लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या डिसेंबरातल्या आगीत त्यांतल्या बहुतेक जळाल्या. गिल पुढे कॅमेऱ्याकडे वळला. १८६४ साली फर्ग्युसनबरोबर निघालेल्या पुस्तकात त्याची छायाचित्रे आहेत. पण त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हला रंग तर कळत नसेच, उलट तांबडा प्रकाश जवळजवळ दिसत नसे. ज्या भिंतींवर गेरूचेच राज्य, तिथे हा कॅमेरा अर्धा आंधळा होता. गिल १८७९ साली वारला. त्याचे थडगे आपल्या भुसावळला आहे. भुसावळहून गाडी बदलणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते कोण जाणे!

त्यानंतर मुंबईच्या कला विद्यालयाचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ ते १८८५ एवढा काळ हे काम चालले. यांच्याही पुष्कळ प्रतिकृती १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत गेल्या. ग्रंथ निघाला तो १८९६-९७ मध्ये. नक्कल करताना रंग उठून दिसावेत म्हणून त्या काळात मूळ भिंतीवर रोगण फासले गेले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी सुटू लागलेला गिलावा आणि रंग धरून ठेवण्यासाठी लाखेचे रोगण वापरले. हेतू चांगलाच होता. पण रोगण आणि लाख जुनी होताना पिवळी पडत जातात, वर धूळ आणि काजळी धरून ठेवतात. हा अजिंठ्याचा पहिला पिवळेपणा, आणि तो खरोखर भिंतीवर आहे. १९५३ नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी तो काळजीपूर्वक उतरवण्याचे काम हाती घेतले आणि ते टप्प्याटप्प्याने चालत आले. म्हणजे एकाच भिंतीची १९३० ची, १९६० ची आणि २००० नंतरची छायाचित्रे वेगळी दिसली, तर त्यात नेहमीच छायाचित्रकाराचा दोष असतो असे नाही.

गुलाम याझदानी यांचा चार भागांतला ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाला. रंगीत आणि एकरंगी चित्रे ‘छायाचित्रणावर आधारलेली’ आहेत, असे त्याच्या नावातच सांगितले आहे. छायाचित्रे ई. एल. व्हॅसी यांची. माणसाच्या हाताने काढलेल्या नकलेवर अविश्वास आणि कॅमेऱ्याच्या डोळ्यावर विश्वास, असा तो काळ. हा विश्वास रेषेच्या बाबतीत योग्यच होता. रंगाच्या बाबतीत तो जास्त होता असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण समजायला लेण्यातून बाहेर पडून क्षणभर लग्नाच्या मांडवात यावे लागेल.

मे महिन्यातले खानदेशातले लग्न. दुपारची वेळ, वर मांडवाचे भगवे-पिवळे कापड. बाहेर पांढरे ऊन रणरणते आहे, पण आत येणारा प्रकाश कापडातून गाळून आलेला, केशरी. आत बसलेल्या वऱ्हाडाला तो केशरी वाटत नाही. दहा मिनिटांत डोळे आणि मेंदू मिळून त्याच्याशी तडजोड करतात आणि पांढरा सदरा पांढराच दिसतो. फिल्मला ही तडजोड जमत नाही. तिच्यावर जो प्रकाश पडतो तोच ती नोंदवते. नेहमीची ‘डेलाइट’ फिल्म अशी बेतलेली असते की सुमारे ५५०० केल्व्हिन रंगतापमानाच्या प्रकाशात पांढरे ते पांढरे उमटावे. फ्लॅशचा प्रकाशही साधारण ५५०० ते ६००० केल्व्हिनचा, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या जातीचा. आता फोटोग्राफर नवरदेव-नवरीवर फ्लॅश टाकतो. चेहरे स्वच्छ, जरा निळसरच. हळदीचे अंग असूनही. मागे बसलेल्या मामा-मावश्या मात्र नारिंगी. शेजारी व्हिडिओवाल्याचा हॅलोजन असला, तर नवरीचा एक गाल पांढरा आणि दुसरा पिवळा. नव्वदीच्या दशकातला धुळे-जळगावकडचा कुठलाही लग्नाचा अल्बम उघडा, हे सगळे त्यात सापडेल.

असे का होते ते दोन गोष्टींत आहे. पहिली अंतराची. फ्लॅशचा प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. नवरी दोन मीटरवर आणि मागची माणसे चार मीटरवर असतील, तर त्यांच्यापर्यंत चौथाई प्रकाश पोचतो, आठ मीटरवर सोळावा हिस्सा. मागे मग मांडवाच्या प्रकाशाचेच राज्य. दुसरी गोष्ट वेळेची. फ्लॅश लखकन चमकून विझतो, साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात. शटर सेकंदाचा साठावा भाग उघडे राहो की आठवा, फ्लॅशचा वाटा तेवढाच राहतो. भोवतालच्या प्रकाशाचा वाटा मात्र शटर जितके जास्त वेळ उघडे तितका वाढतो. भिंगाचे छिद्र दोघांनाही सारखेच कमीजास्त करते. म्हणून फ्लॅश आणि भोवतालचा प्रकाश यांची पातळी जुळवणे अवघड नाही: छिद्र फ्लॅशसाठी ठरवायचे आणि शटर भोवतालसाठी. चांगल्या फोटोग्राफरला हे सवयीने येते. अडते ते रंगापाशी. पातळी जुळली, दोन्ही प्रकाश सारख्या जोराने उमटले, की त्यांच्या रंगातला फरक आणखीच डोळ्यांत भरतो.

लॅबवाला यातून वाचवील, ही समजूत खोटी आहे. सगळे चित्र सारखे पिवळे असेल, तर प्रिंट काढताना तो पिवळा कमी करील आणि चित्र सुधारेल. पण अर्धे चित्र पिवळे आणि अर्धे निळसर असेल, तर एकाला सुधारताना दुसरे बिघडणारच. संपूर्ण चित्रावर एकच झाक असेल तर ती काढता येते, दोन असतील तर नाही. फ्लॅश आणि भोवतालचा प्रकाश यांचा रंग जुळवण्याचे सगळे तंत्र या एका वाक्यात आहे. उपाय असा, की फ्लॅशलाच भोवतालच्या प्रकाशाचा रंग द्यायचा. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जिलेटिनचा तुकडा लावायचा; नाटकवाले दिव्यांवर लावतात त्यातलाच. आता सगळे चित्र सारखेच नारिंगी येते आणि ती एक झाक भिंगावरच्या निळ्या फिल्टरने, टंगस्टन दिव्यांसाठी बनवलेल्या फिल्मने किंवा प्रिंटच्या वेळी काढून टाकता येते.

तुकडा किती गडद हवा याचे गणित वर्गात करण्यासारखे आहे. केल्व्हिनमधल्या आकड्यांची सरळ वजाबाकी इथे उपयोगी पडत नाही, कारण सारख्या फरकाचा परिणाम सगळीकडे सारखा नसतो. म्हणून दहा लाखाला केल्व्हिनने भागून ‘मायरेड’ हे माप काढतात. २८०० केल्व्हिनचा घरगुती बल्ब म्हणजे ३५७ मायरेड, ३२०० चा फोटोचा दिवा ३१२, ५५०० चे ऊन १८२. बल्ब आणि फोटोच्या दिव्यात ४०० केल्व्हिनचा फरक, तो ४५ मायरेड भरतो; पण ५५०० आणि ५९०० मधलाही फरक ४०० चाच असून तो जेमतेम १२ मायरेड आहे. डोळ्याला जाणवणारा फरक मायरेडच्या जवळ जातो. शिवाय फिल्टरची बेरीज-वजाबाकी मायरेडमध्ये सरळ करता येते. उन्हाच्या प्रकाशाला फोटोच्या दिव्याच्या रंगावर आणणारा ‘८५ बी’ हा फिल्टर १३१ मायरेडचा आहे, कारण ३१२ मधून १८२ वजा केले की जवळपास तेवढेच उरतात. उलट दिशेचा निळा ‘८० ए’ तितक्याच मापाचा, पण तो दोन स्टॉप, म्हणजे तीनचतुर्थांश प्रकाश खाऊन टाकतो. ट्यूबलाइटच्या बाबतीत हे गणित चालत नाही. तिच्या वर्णपटात पाऱ्याच्या ठळक रेषा असतात. त्यांतली ५४६ नॅनोमीटरची हिरवी रेषा फिल्मवर सगळीकडे हिरवट सावट टाकते. तिथे जिलेटिनही हिरवेच लावावे लागते आणि भिंगावर किरमिजी फिल्टर.

कृष्णधवल छायाचित्रणात ही सगळी भानगड नव्हती, आणि याचे खानदेशातले उदाहरण डोळ्यांपुढे आणण्यासारखे आहे. चाळीसगावचे केकी मूस (१९१२-१९८९) यांनी आयुष्याची कित्येक दशके घराबाहेर न पडता, घरातल्या वस्तूंची टेबलावर मांडणी करून, म्हणजे ‘टेबल-टॉप’ पद्धतीने, अजब छायाचित्रे केली. त्यांचे घर आता संग्रहालय आहे. अजिंठ्याच्या सहलीत ते का घालत नाहीत, हे मला कोडे आहे. कृष्णधवल फिल्मवर खिडकीचा उजेड आणि बल्ब एकत्र आले तरी चित्रावर दोन रंगांची झाक येत नाही. फार तर तांबड्या वस्तू बल्बच्या उजेडात थोड्या उजळ उमटतात. कलावंताला प्रकाशाची दिशा, जोर आणि सावलीचा काठ एवढ्याकडे लक्ष देता येते. मूस यांच्या चित्रांतला प्रकाश इतका ताब्यात वाटतो, त्यात या सोयीचाही वाटा आहे. रंगीत फिल्म आली आणि आतापर्यंत न दिसणारी एक चूक दिसू लागली.

आता पुन्हा लेण्यात. आतला प्रकाश म्हणजे दारातून आलेले आणि जमिनीवरून, समोरच्या डोंगरावरून उलटून आलेले ऊन. डोंगर उन्हाळ्यात तपकिरी आणि पावसाळ्यात हिरवा, म्हणजे हा ‘नैसर्गिक’ प्रकाशही बारा महिने एका रंगाचा नाही. आरशांनी आणि पांढऱ्या कापडांनी ऊन आत फिरवण्याची जुनी युक्ती रंगाच्या दृष्टीने फार शहाणपणाची होती. प्रकाश उन्हाचाच, त्यामुळे डेलाइट फिल्मशी त्याचे जुळते, आणि वर फ्लॅश पडला तरी भांडण होत नाही. विजेचे बल्ब आले तेव्हा पाहणे सोपे झाले आणि छायाचित्रण बिघडले. बल्बच्या प्रकाशात डेलाइट फिल्मवर काढलेला अजिंठा मधाच्या रंगाचा येतो. पोस्टकार्डांतला पिवळेपणा पुष्कळदा हाच. तो काहींना ‘प्राचीन’ वाटतो, आणि म्हणूनच छापणाऱ्यांनी तो काढण्याची तसदी घेतली नसावी असा मला संशय आहे.

यात नुसती झाक येते असे नाही, एक रंगच बुडतो. अजिंठ्याचे बहुतेक रंग आसपासच्या मातीतले आणि खडकांतले: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, पांढऱ्यासाठी चुना वगैरे, काळ्यासाठी काजळी. निळा मात्र लाजवर्दाचा, जो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यांत तो आहे. इतक्या दुरून आणलेला हा महाग रंग चित्रकाराने विचार करूनच वापरला असणार. आता बल्बचा वर्णपट पाहा. ५५०० केल्व्हिनच्या प्रकाशात ४५० नॅनोमीटरचा निळा आणि ६५० नॅनोमीटरचा तांबडा यांची ऊर्जा जवळजवळ सारखी असते. २८०० केल्व्हिनला निळा तांबड्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. प्लँकच्या सूत्रात आकडे घालून बारावीचा विद्यार्थीही हे काढील. मग लाजवर्दावर उलटून पाठवण्यासारखा निळा प्रकाशच पडत नाही आणि तो काळपट दिसतो. गेरू मात्र धगधगतो. ‘अजिंठा म्हणजे तांबडा-तपकिरी’ ही आपली कल्पना घडवण्यात चित्रकारांइतकाच टंगस्टनच्या तारेचा हात आहे.

फ्लॅशने निळा परत येतो, हे मान्य करायला हवे. पण बदल्यात दुसरे बरेच जाते. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून येतो, म्हणून रोगणाच्या थराची चकाकी थेट भिंगात उलटते आणि चित्राच्या मधोमध पांढरा डाग पडतो. गोलाई नाहीशी होते. विष्णुधर्मोत्तरपुराणातल्या चित्रसूत्रात ‘वर्तना’ म्हणून ज्या छटाकामाचे प्रकार सांगितले आहेत, ते अजिंठ्याच्या चेहऱ्यांवर नाक, ओठ, हनुवटी यांना उठाव देते. समोरचा कडक प्रकाश नेमके तेच पुसून टाकतो. आणि बल्ब लागलेले असताना फ्लॅश मारला, तर मांडवातली गत होते: मधला बोधिसत्त्व पांढुरका, कडेचे सेवक नारिंगी. वर उल्लेखिलेले फिक्या चेहऱ्याचे चित्र हे या मिश्रणाचे अपत्य आहे. भिंत सपाट म्हणून सगळी सारख्या अंतरावर असे वाटते, पण फ्लॅशचा झोत मधे जोरदार आणि कडेला क्षीण असतो, त्यामुळे फरक तिथेही पडतोच.

या पार्श्वभूमीवर बिनय बहल यांचे काम पाहावे लागते. १९९१ साली त्यांनी फ्लॅश आणि तीव्र दिवे टाळून, अत्यंत मंद प्रकाशात ही चित्रे टिपली. १९९८ मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून निघाले आणि २००८ च्या जानेवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्यांच्या छायाचित्रांवर लेख दिला. ही छायाचित्रे पाहताना पहिला धक्का निळ्या-हिरव्याचा बसतो. दुसरा, चेहऱ्यांच्या गोलाईचा. मोत्यांच्या सरांवरचे जाड रंगाचे ठिपके वर आलेले दिसतात, त्वचेच्या रंगातले सावळे-गोरे भेद वेगळे निघतात. आधीच्या कुठल्याही छापील संचात अजिंठा असा दिसला नव्हता. एकाच जातीच्या प्रकाशावर भिस्त ठेवण्याचा, म्हणजे दोन झाका एकत्र येऊच न देण्याचा निर्णय इथे फळाला आला आहे. कपाटात एकच अजिंठा ठेवायचा तर तो हा ठेवावा, असे मी बेलाशक म्हणेन.

तरीही या छायाचित्रांची जी स्तुती होते, ‘मूळ रंग जसेच्या तसे’, ती मला पटत नाही. मंद प्रकाशात फिल्म फार वेळ उघडी ठेवावी लागते, आणि तशा वेळी प्रकाश निम्मा आणि वेळ दुप्पट म्हणजे परिणाम तोच, हा नियम मोडतो. रंगीत फिल्मचे तीन थर सारख्या प्रमाणात मागे पडत नाहीत. एक थर जास्त सुस्तावतो आणि त्यातून नवी झाक जन्मते. कुशल छायाचित्रकार चाचण्या घेऊन ती फिल्टरने भरून काढतो. पण ही दुरुस्ती अखेर त्याच्या नजरेने ठरते. शास्त्रीय नोंदीसाठी छायाचित्राच्या कडेला एक राखाडी पट्टी ठेवतात, म्हणजे पुढे कुणालाही झाक मोजता यावी. कलेच्या पुस्तकांत अशी पट्टी छापण्याची रीत नाही, ती चित्राच्या शोभेला बाधते. मग वाचकाने रंग पडताळायचा कशाशी?

आणखी खोल प्रश्न असा की ‘मूळ रंग’ म्हणजे कोणत्या प्रकाशातला? तितक्या अंधारात माणसाचा डोळा रंग नीट पाहूच शकत नाही. तिथे दृष्टिपटलावरच्या दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंगभेद कळत नाही. म्हणजे फिल्मने तिथे जे पाहिले ते कुणाच्याही डोळ्याने त्या क्षणी पाहिलेले नाही. आणि ज्याने चित्र काढले तो? त्याने दारातून उलटून आलेल्या उन्हात काम केले असेल, आतल्या कोपऱ्यांत तेलाच्या दिव्यापाशी. दिव्याच्या ज्योतीचे रंगतापमान १९०० केल्व्हिनच्या आसपास, बल्बपेक्षाही पिवळे. त्या प्रकाशातही लाजवर्द त्याला निळा दिसत असणार, कारण त्याचे डोळे त्या प्रकाशाला सरावलेले होते. ती सरावलेली नजर कुठल्याही फिल्मला देता येत नाही. म्हणून ‘जसेच्या तसे’ या शब्दांऐवजी ‘अमुक प्रकाशात, अमुक फिल्मवर’ एवढी ओळ चित्राखाली असती, तर या पुस्तकाचे मोल माझ्या लेखी वाढले असते.

फ्लॅशबंदीबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात, त्याचे उत्तरही आकड्यांनी द्यावे. १०० आयएसओची फिल्म आणि एफ/८ छिद्र यांना पुरेसा उजेड पाडणारा एक फ्लॅश भिंतीवर अंदाजे १६० लक्स-सेकंद इतका प्रकाश टाकतो. नाजूक वस्तूंसाठी संग्रहालयांत ५० लक्सचा उजेड सुरक्षित मानतात. म्हणजे एक फ्लॅश म्हणजे तशा दालनातली सव्वातीन सेकंदे. हजार फ्लॅश झाले तर सुमारे पाऊण ते एक तास. माती-खडकांचे रंग प्रकाशाला तसे टिकाऊ. नाजूक आहे तो त्यांना धरून ठेवणारा डिंक-सरसासारखा पदार्थ, आणि खालचा भुसा, गवत, तंतू कालवलेला मातीचा गिलावा. त्याला जास्त भय आहे ते गर्दीच्या श्वासातल्या दमटपणाचे, गळणाऱ्या पाण्याचे, कीटकांचे आणि वटवाघळांचे. तेव्हा ‘फ्लॅशने चित्रे जळतात’ असे मुलांना सांगू नये, ते खरे नाही. बंदी योग्यच आहे. अनावश्यक प्रकाश जितका टळेल तितका बरा, अंधाराला सरावलेल्या इतरांच्या डोळ्यांना तो त्रासदायक असतो, आणि चित्रही वाईट येते. फोनच्या कॅमेऱ्यालाही हे सगळे लागू आहे. तो रंगाची तडजोड आपोआप करतो खरा, पण साधारणपणे संपूर्ण चित्रावर एकच.

शाळेतल्या छापील चित्रांची तपासणी शिक्षकाला घरबसल्या करता येईल. आधी कागदाचा कोरा समास पाहावा. तोच पिवळा पडला असेल तर चित्राच्या पिवळेपणातला काही वाटा कागदाच्या वयाचा. समास पांढरा, पण चित्रातले मोती, डोळ्यांतले पांढरे, फुले सगळी सारखी पिवळी आणि निळे काळपट असेल, तर बल्बचा प्रकाश. पिवळेपणा डागाडागांनी, कुठे जाड कुठे पातळ, वर तकाकी, तर रोगण. मधे फिके आणि कडेला नारिंगी असेल, तर फ्लॅश आणि बल्ब यांचे न जुळलेले लग्न. एकाच चित्रात यांतली दोन-तीन कारणे मिसळलेली सापडतात, आणि मग वर्गात वाद होतात. ते होऊ द्यावेत.

वाद सुरू करण्याआधी एक प्रयोग दाखवावा. सकाळी वर्गाची एक खिडकी सोडून बाकीच्या बंद कराव्यात, टेबलावर पांढरा कागद ठेवावा, खिडकीच्या विरुद्ध बाजूला मेणबत्ती लावावी आणि मधे पेन्सिल उभी धरावी. दोन सावल्या पडतील. मेणबत्ती मागेपुढे सरकवून दोन्ही सारख्या गडद करून घ्याव्यात. ज्या सावलीत मेणबत्तीचा उजेड पोचत नाही तिथे फक्त खिडकीचा असतो, आणि ती स्पष्ट निळसर दिसते; दुसरी पिवळी. मग खिडकीवर नारिंगी जिलेटिन कागद, एकावर एक असे वाढवत लावावेत. कागदांच्या एका संख्येला दोन्ही सावल्यांचा रंग जवळजवळ एक होतो. ती संख्या मुलांनी वहीत लिहावी आणि दुपारी आभाळ आल्यावर पुन्हा मोजावी.